झाडाच्या पोटातला हिरवा

दाट झाडाच्या आतल्या बाजूला जो अंधार असतो, तो मला तैलरंगात हवा होता. काळ्याच्या जवळ गेलेला, पण तरी हिरवाच वाटणारा. आकाश, जमीन, खोड सगळं सहज उरकलं. घोडं अडलं ते इथे.

कोणालाही विचारा, उत्तर एकच: सॅप ग्रीन (ट्यूबमधला तयार पानांचा हिरवा) घे आणि काळा घाल. या सल्ल्याची मला अजून चीड येते. आयव्हरी ब्लॅक घातला की रंग गडद होतो, पण त्याचा जीव जातो. वाळल्यावर तिथे पानांची सावली न दिसता राखाडी डाग दिसतो. शिवाय 'सॅप ग्रीन' म्हणजे नक्की काय? आज या नावाखाली प्रत्येक कंपनी आपापलं मिश्रण विकते. एकीचा पिवळसर, दुसरीचा निळसर. म्हणून ट्यूबच्या मागचे रंगद्रव्याचे कोड वाचा. पीजी ७ म्हणजे थॅलो ग्रीन, पीजी १८ म्हणजे व्हिरिडियन.

वाट सापडली ती लाल रंगात. हिरव्याला गडद करायचं तर त्याचा विरोधी रंग द्यावा लागतो. व्हिरिडियनमध्ये अलिझरिन क्रिमझन थोडा थोडा मिसळत गेले. हिरवा खाली खाली उतरत जवळजवळ काळा झाला, आणि तरी त्यात खोली राहिली, कारण दोन्ही रंग पारदर्शक आहेत. मग बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घातल्यावर त्यातला निळसर थंडपणा गेला आणि रंग पानांच्या जवळ आला. त्या क्षणी झालेला आनंद मी विसरणार नाही.

थॅलो ग्रीन वापरणार असाल तर मोहरीएवढाच घ्या. तो सगळ्यांना गिळतो. लालात हिरवा घाला, हिरव्यात लाल नको, म्हणजे ताबा राहतो.

पॅलेटवर असे सगळे रंग काळेच दिसतात, तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका. पॅलेट नाईफने पांढऱ्या कागदावर पातळ ओढा, खरी छटा तिथे उघड होते. हे पिवळ्या दिव्याखाली करू नका, दिवसाच्या उजेडात करा.

सावलीत पांढरा अजिबात नको, रंग खडूसारखा होतो. पांढरा वरच्या, आकाशाचा उजेड झेलणाऱ्या पानांसाठी राखून ठेवा; ती खरंच फिकट, निळसर दिसतात. उजेड ज्यांच्यातून आरपार येतो ती पानं मात्र पिवळी. त्यांना पारदर्शक इंडियन यलो छान. कॅडमियम यलो अपारदर्शक आहे, सावलीत तो गढूळपणा आणतो.

आणि हो, काळ्याला मी पूर्ण हद्दपार केलेलं नाही. आयव्हरी ब्लॅक आणि पिवळा मिळून सुंदर ऑलिव्ह हिरवा होतो. दूरच्या झुडपांना तोच लावते.

वाळताना गडद भाग मॅट होऊन फिका पडला, तर लगेच नवा थर चढवू नका. तेल खालच्या थरात शोषलं गेलेलं असतं. पूर्ण वाळू द्या, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, फडक्याने पुसून घ्या. मूळ गडदपणा परत दिसतो. मगच रंग बदलायचा की नाही ते ठरवा.

अलिझरिनबद्दल एक सावधगिरी: जुन्या प्रकारचा, म्हणजे ट्यूबवर पीआर ८३ हा कोड असलेला, पातळ थरात उजेडाने उडतो. त्याऐवजी 'परमनंट' लिहिलेला किंवा क्विनाक्रिडोन या रंगद्रव्याचा गडद लाल घ्या. हिरव्याला तोही तितकाच खाली नेतो.