दुधाचा प्लांट पाडला, जेसीबी सगळ्यात शेवटी आला

आमचं गाव तापीकाठचं. गावाच्या कडेला तालुक्याच्या संघाचा दुधाचा प्लांट होता, चिलिंगपासून पिशवी पॅकिंगपर्यंत सगळं एकाच आवारात, आणि बंद पडून इतकी वर्षं झाली की बाभळी पार छपरावर गेल्या होत्या. बंद पडायचं कारण साधं आहे, गावोगाव बल्क कूलर आले, दूध गावातच ४ डिग्रीला थंड होऊन टँकरनं जायला लागलं, मग ४० लिटरचे कॅन टेम्पोत टाकून चिलिंगवर कोण आणणार? त्यात खाजगीवाले दारात येऊन दूध घ्यायला लागले. संघ अवसायनात गेला, म्हणजे संस्था गुंडाळायला काढली. पोरं बॉल आणायला भिंतीवरून आत उड्या मारायची, एकदा स्लॅबचा मोठा तुकडा खाली आला आणि ग्रामसभेत ठराव झाला की पाडा. मी सदस्य, म्हणून कागदं फिरवायचं काम माझ्या गळ्यात.

बाकीच्या गावातले लोक फोन करून विचारतात म्हणून लिहितोय. पहिलं म्हणजे मालकी कोणाची ते बघा. आमच्याकडे जागा ग्रामपंचायतीची, भाडेपट्ट्यानं दिलेली, पण बांधकाम अन् मशिनरी संघाची. सहकार कायदा १९६० च्या कलम १०२ खाली संस्था गुंडाळायचा आदेश झाला की कलम १०३ खाली अवसायक नेमतात, त्यांच्या सहीशिवाय तिथला एक नट पण हलवता येत नाही, आणि लिलावाचे पैसे संघाची देणी फेडायला जातात, गावाला फक्त मोकळी जागा. हे कळल्यावर निम्म्या गावाचा उत्साहच गेला, लोक भंगाराच्या पैशात सभामंडप बांधून बसले होते मनातल्या मनात. मग मूल्यांकन, महावितरणचा कनेक्शन कायमचं बंद केल्याचा कागद, लिलाव. यात किती चपला झिजल्या ते सोडा.

लिलाव घेणारा भंगारवाला बाहेरचा. पहिल्याच दिवशी गॅस कटर घेऊन थेट कॉम्प्रेसर रूममध्ये. तिथं आमच्या गावचे बापू आडवे उभे राहिले, त्यांची सगळी नोकरी त्याच रूममध्ये गेलेली. "भाऊ, हात नको लावू, आजून मझार गॅस शे." म्हणजे अजून आत गॅस आहे. भंगारवाल्यानं प्रेशरचं गेज दाखवलं, काटा शून्यावर. बापू म्हणे हा काटा आमच्या टायमापासूनच अडकेल आहे.

थंड करायला या जुन्या प्लांटमध्ये अमोनिया असतो. रिसीव्हर टाकीत, म्हणजे लिक्विड अमोनिया साठतो त्या टाकीत, पाईपच्या खालच्या वाकणात, तेलाबरोबर तो वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि हवेत ठराविक प्रमाणात मिसळला तर पेटतो पण, त्यात कॉम्प्रेसरचं तेल असलं की अजून वाईट, आणि हा माणूस तिथं ज्योत लावायला निघाला होता. मी काम थांबवलं, अवसायक साहेबांना फोन केला, आणि जळगाव एमआयडीसीतून कोल्ड स्टोरेजची कामं करणारा मेकॅनिक आणला.

त्यानं गंधकाची कांडी पेटवून एकेका व्हॉल्व्हजवळून फिरवली. जिथं गळती तिथं पांढरा धूर. दोन ठिकाणी दिसला. मग पाईप लावून गॅस हळूहळू पाण्याच्या ड्रममध्ये सोडला, अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो. पण नळी पाण्यात तशीच ठेवून जायचं नाही, आतलं प्रेशर पडलं की पाणी उलटं टाकीत ओढलं जातं, म्हणून एक माणूस व्हॉल्व्हवर कायम. आणि काय सांगू, मे महिना, बाहेर खान्देशातलं ऊन, आणि रिसीव्हरच्या खालच्या अर्ध्या भागावर बर्फाचा पांढरा थर चढला! बापूंनी बोट दाखवलं, जिथपर्यंत बर्फ तिथपर्यंत आत लिक्विड, त्याचा गॅस होताना टाकी गार पडते. तिकडे ड्रमचं पाणी मात्र गरम, सारखं बदलावं लागत होतं. एक केळीवाला शेतकरी ते पाणी ठिबकला सोडायला मागत होता, नत्र फुकट मिळतं म्हणून. नाही दिलं, नाल्यातही सोडू दिलं नाही, मेकॅनिकनंच ड्रम भरून नेले.

त्यानंतर कोल्ड रूम. भिंतीत डांबर लावून थर्माकोल चिकटवलेला, कटरची एक ठिणगी बास आहे, म्हणून आधी तो सोलून काढायला लावला. लॅबमध्ये फॅट टेस्टिंगच्या सल्फ्युरिक ॲसिडच्या बाटल्या निघाल्या, त्यांना मजुरांना हात लावू दिला नाही, त्या मेकॅनिकच्या ओळखीतून योग्य ठिकाणी गेल्या.

सगळ्यात जास्त भांडण छपरावर. सिमेंटचे पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस, फोडले की त्याची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि त्रास कित्येक वर्षांनी निघतो. भंगारवाल्याला जेसीबीनं छप्पर तसंच खाली पाडायचं होतं. आम्ही म्हटलं, पाणी मारून, हुक बोल्ट खोलून, एकेक पत्रा अख्खा खाली घ्यायचा. इकडे निम्मं गाव गोठ्यासाठी पत्रे मागायला हजर, माझा सख्खा काका पण, अजून बोलत नाही माझ्याशी नीट. शेवटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रांजणगावला घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवले. त्याचा खर्च लिलावाच्या रकमेतून वळता करून घ्यायला अवसायक साहेब तयार झाले म्हणून जमलं, नाहीतर ग्रामपंचायतीकडे कुठून आले एवढे पैसे. तुम्ही हे लिलावाच्या अटीतच टाका, नंतर भांडत बसू नका.

इमारत पाडायला मग काहीच वेळ लागला नाही. ब्रेकरनं स्लॅब फोडला, सळया भंगारवाल्याच्या, डबर शिवाररस्त्याच्या खड्ड्यात टाकलं.

आता दोन गोष्टी बाकी आहेत. उताऱ्यावर इतर हक्कात संघाचं नाव अजून तसंच आहे, फेरफारचा अर्ज दिलाय. आणि बापूंचा थकलेला पगार संघाकडे अडकलाय, लिलावाच्या पैशातून मिळावा म्हणून त्यांचा क्लेम मीच टाईप करून दिला, सोबत जुन्या हजेरीपत्रकाची झेरॉक्स जोडलीय, ती प्लांटच्याच ऑफिसच्या कपाटात सापडली.