तापीखोऱ्यातून तिथलच्या किनाऱ्यावर: तेलगळतीच्या पंचनाम्याची तयारी

रावेर-यावलकडे मे महिन्यात वादळ होऊन केळीच्या बागा आडव्या झाल्या, की पंचनाम्यासाठी तलाठी बांधावर येतो. त्याच्याकडे सातबारा असतो, त्यावर पीकपेरा नोंदलेला असतो, आणि म्हणूनच काय उभे होते व त्यातले किती गेले हे त्याला सांगता येते. समुद्रात तेल सांडल्यावर नुकसान मोजायला जाणाऱ्याच्या हाती बहुतेक किनाऱ्यांचा असा उतारा नसतो. तो निदान एका किनाऱ्यापुरता तयार करावा, या हेतूने अमळनेर परिसरातील आमच्या महाविद्यालयाचे बारा विद्यार्थी आणि आम्ही दोन शिक्षक मेच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर जाऊन आलो. खानदेशातून आणखी गट जावेत, म्हणून हा तपशील लिहीत आहे.

जळगाव-सुरत मार्गावरील गाडीने नंदुरबार, नवापूर करीत उधना गाठणे सर्वांत सोयीचे. नवापूरच्या फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातमध्ये आहे. लग्नसराईत या मार्गावर पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे आरक्षण दोन महिने आधी करावे. उधना आणि लिंबायत भागांत खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. आमच्या एका विद्यार्थिनीच्या मामांनी समाजाच्या सभागृहात मुक्कामाची सोय केली आणि रात्री पानात कळण्याची भाकरी व ठेचा वाढला. ओळखीतून अशी जागा मिळाल्यास अवश्य घ्यावी, कारण संध्याकाळी नमुने मांडायला, सुकवायला आणि नोंदी पुन्हा तपासायला मोठी मोकळी फरशी लागते, आणि ती हॉटेलच्या खोलीत मिळत नाही.

पहिला दिवस सुरतजवळच्या डुमसला घालवला. मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत आलेली आपली तापी येथून जवळच समुद्राला मिळते. बारापैकी नऊ जणांनी समुद्र प्रथमच पाहिला. डुमसची वाळू काळी आहे. पहिली मूठ उचलताच एका मुलाने विचारले, "सर, हाई डांबर शे का?" प्रश्न अगदी योग्य होता, कारण घाईत आलेला निरीक्षक येथे निसर्गाचा रंग प्रदूषणाच्या खाती मांडू शकतो. आम्ही कागदात गुंडाळलेले लोहचुंबक वाळूवरून फिरवले, तेव्हा काळे कण मिशीच्या केसांसारखे उभे राहिले. ते लोहयुक्त खनिजांचे कण होते. डांबर चुंबकाला चिकटत नाही, बोटाला चिकटते. दोन रुपयांची ही परीक्षा प्रत्येक गटाने आधी करावी.

दुसऱ्या दिवशी पहाटे वलसाडला उतरून तिथलला गेलो. खंभातच्या आखाताकडील या पट्ट्यात भरती-ओहोटीतील अंतर फार मोठे असते आणि सपाट किनाऱ्यावर पाणी पाहता पाहता पायांशी येते. त्यामुळे भरतीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय कामाला लागू नये आणि चिखलाच्या भागात एकट्याने पाऊल टाकू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण (सर्वांत मोठी भरती) आणि अष्टमीच्या सुमारास भांग (सर्वांत लहान भरती) असतो. सांडलेल्या तेलाचे डांबरासारखे गोळे उधाणात किनाऱ्यावर फार वरपर्यंत फेकले जातात, भांगात खालीच राहतात. म्हणून दोन फेऱ्यांची तुलना करायची असेल तर तिथी सारखीच धरावी.

मोजणीची पद्धत सोपी आहे, पण शिस्त सोपी नाही. भरतीच्या वरच्या रेषेपासून पाण्यापर्यंत दोरी ताणली, तिच्यावर ठरावीक अंतराने एक मीटर लांबी-रुंदीची तारेची चौकट ठेवली आणि आत जे सापडेल ते आकारानुसार मोजले. वरच्या चौकटींत ३० सेंटिमीटर खोल खड्डेही घेतले, कारण नव्या वाळूखाली जुने तेल दबलेले असू शकते. अलास्कातील एक्सॉन वाल्डेझ जहाजाच्या १९८९ च्या अपघातानंतर दशकाहून अधिक काळाने गोट्यांखाली न विरलेले तेल सापडले होते. पृष्ठभाग स्वच्छ दिसणे पुरेसे नाही, हा धडा तेथूनच मिळाला.

अर्ध्याहून अधिक चौकटी रिकाम्या निघाल्या. मुलांचा कल दोरी सोडून गोळे दिसतील तेथे चौकट टाकण्याकडे होता. हीच चूक काही वर्षांपूर्वी मी स्वतः केली होती. किनाऱ्यावर डांबर आल्याची बातमी वाचून गेलो, जेथे ते साचले होते तेवढेच मोजले आणि परतलो. ते आकडे आजही वहीत आहेत. मात्र तेलापूर्वी तेथे किती खेकडे होते किंवा शेजारच्या स्वच्छ पट्ट्यात किती होते, याची नोंद नसल्याने त्यांवरून नुकसानीचा काहीही निष्कर्ष काढता येत नाही. रिकाम्या चौकटीतील शून्य हीसुद्धा नोंद आहे, हे या वेळी मुलांना वारंवार सांगितले.

सापडलेल्यांपैकी एक गोळा जांभळाएवढा होता. वरून राखाडी, वाळूचे कण आणि शिंपल्याचा चुरा चिकटलेला. काडीने फोडल्यावर आत लुकलुकते काळे, मेणासारखे मऊ डांबर, आणि नव्याने केलेल्या रस्त्याचा वास. दुसऱ्यावर बार्नेकलची (समुद्रातील वस्तूंना चिकटून वाढणाऱ्या जीवाची) इवलीशी कवचे होती, म्हणजे तो बराच काळ तरंगत आला असावा. समुद्रात सांडलेल्या कच्च्या तेलाचा हलका अंश पहिल्या एक-दोन दिवसांत उडून जातो, उरलेल्यात पाणी मिसळून चॉकलेटी लगदा होतो आणि त्याचे आकारमान तीन-चार पट वाढू शकते, मग ऊन, लाटा आणि वाळू यांनी त्याचे गोळे बनतात. त्यामुळे किनाऱ्यावरील गोळ्यांचे वजन म्हणजे सांडलेले तेल नव्हे, हे अहवालात स्पष्ट लिहावे. नैर्ऋत्येचे वारे हे गोळे पश्चिम किनाऱ्याकडे ढकलतात, म्हणून ते मे ते सप्टेंबर या काळात अधिक दिसतात. तवंग साधारणपणे वाऱ्याच्या वेगाच्या तीन टक्के वेगाने सरकतो आणि त्यात प्रवाहाची भर पडते. हे गणित मुलांकडून तेथेच करून घेतले.

तेल कुणाचे, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. ते टँकर धुतल्याचे असेल, जहाजाच्या तळातले असेल, समुद्रातील तेलविहिरीचे असेल किंवा समुद्रतळातून नैसर्गिकरीत्या झिरपलेले असेल. गॅस क्रोमॅटोग्राफीत (मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या प्रयोगशाळेतील पद्धतीत) होपेन, स्टेरेन यांसारख्या टिकाऊ रेणूंच्या प्रमाणावरून तेलाचा ठसा जुळवतात. हा पुरावा टिकवायचा असेल तर नमुना प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये. काचेची बरणी, झाकणाखाली ॲल्युमिनियमचा कागद, वरती दिनांक, वेळ, जागा आणि घेणाऱ्याची सही, व लगेच बर्फाची पेटी, हा क्रम पाळावा. हातमोजे अनिवार्य आहेत. तरीही डांबर लागलेच तर पेट्रोल वा रॉकेल न वापरता खाद्यतेल चोळून साबणाने धुवावे. तेलाने माखलेला पक्षी आढळल्यास त्याला स्वतः धुवायला घेऊ नये, वनखात्याला कळवावे.

परिणामाची मोजणी मात्र गोळ्यांवर थांबत नाही. आम्ही प्रत्येक चौकटीत खेकड्यांची ताजी बिळेही मोजली, कारण डांबराखाली दबलेल्या पट्ट्यात ती कमी होतात का, हे पुढच्या फेऱ्यांतच कळेल. कुठला किनारा किती हळवा, याची एक चढती श्रेणी जगभर वापरतात: लाटांचा मारा झेलणारा उघडा खडक तळाला, तर तिवरांचे (खारफुटीचे) वन सर्वांत वर. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा सांडलेले इंधन रायगड-मुंबईच्या तिवरांपर्यंत पोहोचले होते. तिवराची श्वसनमुळे, म्हणजे हवेसाठी चिखलाबाहेर आलेली मुळे, तेलाने लेपली की झाड गुदमरते, आणि सफाईसाठी माणसे आत शिरली की तेल चिखलात आणखी खोल तुडवले जाते. अशा ठिकाणी कधीकधी हात न लावणे हाच शहाणपणाचा निर्णय असतो, आणि तो घ्यायलाही आधीची नोंद लागते.

तिसऱ्या दिवशी त्याच दोऱ्या पुन्हा ताणल्या. रात्रीच्या भरतीने वरची रेषा बदलली होती, काही गोळे वाळूखाली गेले होते, तर आदल्या दिवशी शून्य असलेल्या दोन चौकटींत आता गोळे होते. एका दिवसाच्या पाहणीवर विसंबू नये, हे मुलांना मला वेगळे सांगावे लागले नाही.

खर्चात सर्वांत मोठा वाटा प्रवासाचा असतो. साहित्य जळगावच्या बाजारात स्वस्तात मिळते. टोपी आणि पाणी भरपूर न्यावे: आपल्याकडचे चव्वेचाळीस अंशांचे कोरडे ऊन अंगवळणी पडलेल्यांनाही किनाऱ्यावरची दमट उष्णता थकवते. दोरीच्या दोन्ही टोकांचे जीपीएस आम्ही वहीत आणि दोन मोबाइलमध्ये नोंदवले आहेत. पुढची फेरी फेब्रुवारीत, गोळे कमी असण्याच्या काळात, त्याच तिथीला त्याच दोरीवर होईल. ज्या गटाला सोबत यायचे असेल त्याने स्वतःची चौकट आणावी. आकार एक मीटरच ठेवावा.