रिंग लागली का?

2017 साली भाऊबीज 21 ऑक्टोबरला होती आणि 22 तारखेपासून बंगळुरूत 16 वर्षांखालील मुलींची आशियाई बास्केटबॉल स्पर्धा. भावाला मी पाडव्यालाच ओवाळलं, आईनं बांधून दिलेल्या करंज्या पिशवीत टाकल्या आणि संध्याकाळी बेळगावहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरली. एरवी मी शाळेत पीटी शिकवते. त्या स्पर्धेत माझ्याकडे शॉट क्लॉक होतं, म्हणजे शॉट मारायला किती सेकंद उरले ते दाखवणारं घड्याळ.

टेबलावर आम्ही चौघं बसतो: स्कोअरर, त्याचा सहायक, टायमर आणि शॉट क्लॉकवाली. शिवाय आमच्या कामावर लक्ष ठेवणारे कमिशनर. माझं काम ऐकायला सोपं आहे. चेंडू हातात आल्यापासून 24 सेकंदांत संघानं शॉट मारायचा आणि तो निदान रिंगला तरी लागायला हवा. रिंगला लागून बाहेर आला आणि रिबाउंड, म्हणजे उसळून आलेला चेंडू, त्याच संघानं घेतला, तर घड्याळ 14 वर आणायचं. रिंगला लागलाच नाही आणि पुन्हा त्यांच्याच हातात आला, तर बटणाला बोट लावायचं नाही. घड्याळ आपलं चालू. नुसता रिंगमागच्या बोर्डला लागला तरी तेच. मी शाळेत खेळायचे तेव्हा 30 सेकंद मिळायचे, 24 झाले ते 2000 नंतर. त्यामुळे घाईत चेंडू फेकणाऱ्या मुली बघितल्या की माझा जीव अजूनही वरखाली होतो.

बंगळुरूच्या कंठीरव इनडोअर स्टेडियमवर जुलैमध्येच महिला आशिया कप झाला होता. डिव्हिजन बी च्या, म्हणजे खालच्या गटाच्या, फायनलला आपल्या मुलींनी कझाकस्तानला 75-73 असं हरवलं. आपल्या पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. डिव्हिजन ए ची फायनल जपाननं ऑस्ट्रेलियाकडून 74-73 अशी काढली. एकीकडे दोन पॉइंट, दुसरीकडे एक. टेबलाशी बसले की हे आकडे डोक्यातून जायचे नाहीत. एवढा फरक तर माझ्या एका बोटानं पडू शकतो.

आणि माझी चूक झालीच. दुपारचा सामना होता, प्रेक्षक थोडे. संघांची नावं सांगत नाही, त्या मुली तेव्हा जेमतेम 15-16 वर्षांच्या. पहिल्याच क्वार्टरमध्ये एकीनं कोपऱ्यातून शॉट मारला, धप्प आवाज आला, तिच्याच जोडीदारणीनं चेंडू धरला आणि मी 14 दाबलं. कमिशनरनं लगेच माझ्याकडे बघितलं. चेंडू बोर्डच्या कडेला लागला होता, रिंगला नाही. खेळ थांबवून रेफ्री टेबलाशी आले. उरलेले सेकंद घड्याळावर परत घातले, चेंडू त्याच संघाला दिला आणि खेळ पुढे सुरू झाला. कोणाचं नुकसान झालं नाही, कोणी मला बोललंही नाही. पण माझे तळहात घामानं ओले झाले होते.

चूक कुठं झाली ते मला तिथंच कळलं. मी कानानं काम करत होते. आमच्याकडे उघड्या कोर्टवर मॅच असते, लोखंडी रिंग खणखणीत वाजते, तिकडे न बघताही समजतं. बंगळुरूत भारताचा सामना असला की गोंगाटात शेजारच्या टायमरचं बोलणंसुद्धा ऐकू यायचं नाही. (आपल्या मुलींनी त्या आठवड्यात डिव्हिजन बी जिंकली. त्या आवाजाची आठवण झाली की आजही बरं वाटतं.) मग ठरवलं, शॉट सुटला की चेंडू बघायचा नाही, रिंग बघायची. सवयीनं नजर चेंडूमागे जाते, ती मुद्दाम ओढून आणावी लागते.

त्याच सामन्याचं शेवटचं मिनिट. दोन पॉइंटनी मागे असलेल्या संघाच्या पॉइंट गार्डनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मुलीनं, शॉट घेतला. शॉट क्लॉकवर सहा सेकंद होते. पुन्हा तोच धप्प आवाज. चेंडू बोर्डवरून उसळून रिंगच्या वरून पलीकडे गेला. रिंग हलली नाही, जाळीही नाही. उंच सेंटरनं तो पकडून परत गार्डकडे दिला. त्यांच्या बेंचला वाटलं, आता 14 मिळाले. मुलींनाही तसंच वाटलं. गार्ड चेंडू टप्पे देत बाहेर आली आणि हातानं सगळ्यांना जागा दाखवायला लागली. माझं बोट बटणापासून इंचभर वर होतं. तीन. दोन. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, ‘पोरी, वर बघ!’ पण टेबलावरच्या माणसानं तोंड उघडायचं नसतं.

हॉर्न वाजला.

कोच हात पसरून टेबलाकडे धावले. रेफ्रीनं मला विचारलं, ‘रिंग?’ मी मान हलवली, नाही. त्यांनीही तेच पाहिलं होतं. चेंडू दुसऱ्या संघाकडे गेला, पुढच्या फाऊलवर त्यांनी दोन फ्री थ्रो घातले आणि सामना तिथंच गेला.

सामना संपल्यावर ती गार्ड आमच्याशी हात मिळवायला आली. डोळे लाल. आमची भाषा एक नव्हती. तिनं रिंगकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या. मी सावकाश नकारार्थी मान हलवली. ती क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग माझा हात तिनं दोन्ही हातांत धरून दाबला. बाहेर जाताना रिंगखाली थांबून तिनं एकदा वर बघितलं.