दुसरे उपाहारगृह हवे का?

महाविद्यालयाच्या आवारात दुसरे उपाहारगृह सुरू करावे का, याचा अंदाज घेण्याचे काम समितीची सदस्य म्हणून आज दिवसभर केले. विद्यार्थ्यांना विचारले तर जवळपास सगळेच 'हो' म्हणतात. म्हणणारच, कारण त्या होकारासाठी त्यांना काहीच मोजावे लागत नाही. म्हणून मते बाजूला ठेवून सध्याच्या उपाहारगृहातील गर्दीच पाहिली. मधल्या सुट्टीत रांग दाराबाहेर जाते आणि नंतर तासाभरात बहुतेक टेबले रिकामी होतात. ६० खुर्च्या असतील आणि प्रत्येकजण सरासरी २० मिनिटे बसत असेल, तर तासाला १८० जणांची सोय होते. मात्र सगळ्या वर्गांची सुट्टी एकाच अर्ध्या तासात आली, तर हाच आकडा ९० वर येतो. म्हणजे अडचण जागेची कमी आणि वेळापत्रकाची अधिक आहे. शिवाय नव्या उपाहारगृहाने जुन्याचेच गिऱ्हाईक ओढले, तर एकूण विक्री फारशी न वाढता पगार आणि विजेचा खर्च मात्र वाढतो, आणि दीर्घ सुट्ट्यांत गल्ला रिकामा असला तरी त्यातील बराचसा खर्च थांबत नाही. सांडपाणी, धुराचा निचरा आणि अग्निसुरक्षा हे विषय बैठकीत नेहमी शेवटी निघतात, हे मला खटकते. एखादी जागा केवळ त्यावरच बाद होऊ शकते. माझ्या मते आधी सुट्ट्यांच्या वेळा विभागाव्यात, वसतिगृहाजवळ संध्याकाळपुरता लहान काउंटर एक सत्र चालवावा आणि त्याच्या रोजच्या विक्रीची नोंद हाती आल्यावरच बांधकामाचा प्रस्ताव मांडावा.