साडेआठ नंबर, साडेपाच हजार फूट

शनिवार, रात्रीचे साडेदहा

आज पॅराशूटची चौथी उडी झाली. विमानाच्या दारातून सुटल्यापासून पाय जमिनीला लागेपर्यंत मला माझ्या डोळ्यांची एकदाही आठवण झाली नाही. ज्यांची नजर चांगली आहे त्यांना यात लिहून ठेवण्यासारखं काय, असं वाटेल. माझा उजवा डोळा मायनस साडेआठ, डावा मायनस आठ. सकाळी उशीजवळ हात फिरवून चष्मा सापडेपर्यंत समोरचं घड्याळ दिसत नाही, नुसती भिंत दिसते. अशा डोळ्यांनी साडेबारा हजार फुटांवरून उडी मारायची, तर तयारी डोळ्यांपासूनच सुरू होते.

दुसरीत असताना, साताऱ्याला, फळ्यावरचं दिसेना म्हणून चष्मा लागला. तेव्हापासून उंबरा ओलांडताना कानावर एकच वाक्य, "चष्मा सांभाळ गं." खो-खोच्या संघातून बाईंनी मला काढलं. पळायला मी बरी होते, पण कुणाचा हात लागून काच डोळ्यात जाईल ही त्यांना धास्ती. ती खोटीही नव्हती, त्या काळी चष्म्याच्या काचा खरोखर काचेच्याच असायच्या. अजिंक्यताऱ्यावर मैत्रिणी तटाच्या कडेला जाऊन बसायच्या आणि मी चार पावलं मागे. 2004 मध्ये पुण्याच्या शीतल महाजन यांनी उत्तर ध्रुवावर पॅराशूटने उडी घेतली, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. बातमीचं कात्रण कापून वहीत ठेवलं. मनात आलेला पहिला प्रश्न थंडीचा नव्हता. यांना चष्मा असता तर यांनी काय केलं असतं, हा होता.

त्याचं उत्तर शोधायला वीस वर्षांहून जास्त काळ लागला.

मागच्या वर्षी एका ठिकाणी टँडेम उडी मारली, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन मारतात ती. तिथल्या माणसाने चष्म्यावरून चढवायचा मोठा गॉगल दिला आणि पट्टा सैलच ठेवला. बाहेर पडल्यावर दोन-तीन सेकंदांत नाकाजवळच्या फटीतून वारा आत घुसला. चष्मा उचलला गेला आणि गॉगलच्या आत तिरका अडकून बसला. फ्रीफॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडेपर्यंतच्या पडण्यात, वेग ताशी 190 ते 200 किलोमीटर असतो, त्यात हात वर नेऊन चष्मा नीट करण्याचा प्रश्नच नाही. पाऊण मिनिट मला एका डोळ्यासमोर भिंगाची कड दिसत होती आणि दुसऱ्यासमोर निळा-तपकिरी रंग. जिवाला धोका काहीच नव्हता, मागे अनुभवी माणूस होता. पण खाली उतरल्यावर रडू आवरेना. उडी मारली होती, पाहिली मात्र नव्हती.

म्हणून यंदा एकटीने उडी मारायला शिकायचं ठरवलं. इथे कॅलिफोर्नियात, पेरिस नावाच्या गावी. (आईला अजूनही वाटतं मी फ्रान्सला जाते.) भोवती तपकिरी, वाळलेल्या टेकड्या, मैदानावर धूळ आणि दिवसभर ट्विन ऑटर विमानांची घरघर.

पहिल्याच दिवशी प्रशिक्षिकेला नंबर सांगितला. तिने कपाळाला आठी घातली नाही की "काही होत नाही" असंही म्हणाली नाही. तिने विचारलं, "तुला वर काय काय दिसायला हवं, सांग बघू." मग आम्ही दोघींनी मिळून मोजलं. मनगटावरचा आल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र. शेजारी उडणाऱ्या तिच्या हाताच्या खुणा, म्हणजे दोन बोटं सरळ केली की पाय लांब कर, एक बोट रोखलं की पॅराशूट उघड. आणि जमीन: वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, इतरांची पॅराशूटं, उतरायची जागा. म्हणजे एक वस्तू हातभर अंतरावर, एक दोन हातांवर, एक मैलभर. डोळ्यांवर जे काही चढवायचं त्याने ही तिन्ही अंतरं सांभाळली पाहिजेत. हा हिशेब मला आधी कुणीच असा मांडून दिला नव्हता.

त्याही आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. मायनस सहाच्या पुढे नंबर असला की डोळ्याचा गोळा लांबट झालेला असतो, मागचा पडदा ताणला जातो आणि कडेला पातळ होऊ शकतो. अशा पडद्याला भोक पडण्याचा, तो सुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. पॅराशूट उघडताना शरीराला चांगलाच हिसका बसतो, त्यामुळे बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून पडद्याच्या कडा नीट तपासून घेतल्या. माझ्या कडा ठीक निघाल्या. डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या. डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखी झाली, काळे ठिपके अचानक वाढले किंवा बाजूने पडदा सरकत आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी यायचं. मोठा नंबर असलेल्या प्रत्येकाला मी हे सांगत सुटले आहे, उडी मारणार असोत वा नसोत. चष्मा घालवणाऱ्या लेझरचं विचाराल तर माझं बुबुळ पातळ आहे, तो दरवाजा केव्हाच बंद झाला.

पहिली उडी चष्म्यावरच मारली. चष्म्यावरून बसणारा खोल गॉगल, कडेने जाड फोम, पट्टा हेल्मेटच्या आतून घट्ट. चष्मा हलला नाही. पण माझ्या चष्म्याच्या काड्या जाड प्लॅस्टिकच्या. हेल्मेटच्या गादीने त्या कानाच्या वरच्या हाडावर दाबून धरल्या आणि विमान आठ हजार फुटांवर पोचेपर्यंत दोन्ही बाजूंनी ठणका सुरू झाला. दार उघडलं तेव्हा माझं अर्धं लक्ष त्या ठणक्यात होतं. प्रशिक्षिकेने दोनदा दोन बोटं दाखवली, मला एकदाच दिसली. नजर साफ होती, मन तिथे नव्हतं. आरामदायक वस्तू म्हणजे चैन, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. घरी "टोचतंय" म्हटलं की "सवय होईल" हेच ऐकलेलं. पण वर हाताशी असतात मोजके सेकंद. त्यातला एकही सेकंद चष्म्याच्या काडीला देणं परवडत नाही.

मग कॉन्टॅक्ट लेन्स. कॉलेजात मी कडक लेन्स वापरायचे. त्या नऊ-दहा मिलिमीटरच्या, बुबुळावर तरंगणाऱ्या, वाऱ्याची झुळूक शिरली तरी निसटू शकतात. मऊ लेन्स चौदा मिलिमीटरच्या आसपास असते, कडा पापण्यांखाली जातात, ती तग धरते. रोज नवी जोडी उघडायची आणि संध्याकाळी फेकायची, अशाच घेतल्या, कारण पेरिसची धूळ. वरून लहान, चेहऱ्याला चिकटून बसणारा गॉगल. गॉगल निवडायला इनडोअर स्कायडायव्हिंगच्या बोगद्यात गेले. तिथे पंख्याच्या वाऱ्यावर तरंगता येतं. दोन-दोन मिनिटांत तीन गॉगल लावून पाहिले. त्यातल्या दोन गॉगलना नाकाजवळ फट राहत होती. आपली नाकं तिथल्या साच्यांपेक्षा वेगळी असतात, हे आरशात बघून कळत नाही, वाऱ्यात कळतं. तिसरा बसला. मात्र बोगद्यात थंडी नसते. साडेबारा हजार फुटांवर तापमान जमिनीपेक्षा पंचवीसेक अंशांनी कमी असतं आणि आपण विमानात घामेजून बसलेलो असतो, त्यामुळे काचेवर वाफ धरते. म्हणून मी आता दहा हजार फुटांपर्यंत गॉगल गळ्यात ठेवते आणि मगच डोळ्यांवर ओढते.

लेन्स लावून दुसरी उडी मारली आणि उतरताना आपटले. हे नीट लिहून ठेवते, कारण यामागचं कारण कळायला मला आठवडा लागला. मायनस नंबरची जाड भिंगं जग लहान करून दाखवतात. माझ्या नंबराला दहाएक टक्क्यांनी. कॉलेजातली वर्षं सोडली तर दुसरीपासून मी त्या लहान जगात अंतरं मोजत आले. लेन्स थेट बुबुळावर बसते, जग जवळजवळ खऱ्या मापाचं दिसतं. त्यामुळे जमीन मोठी दिसली, जवळ वाटली आणि मी फ्लेअर फार लवकर केला, म्हणजे पॅराशूटला लगाम देणाऱ्या दोऱ्या वेळेआधी खाली ओढल्या. दहा-पंधरा फुटांवर ओढायच्या त्या तीस फुटांवरच ओढल्या. कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं कापडी छत, वरच थबकली आणि मग मला खाली सोडून दिलं. घोटा सुजला, मोडला नाही. त्यानंतर दोन आठवडे दिवसभर लेन्स लावून वावरले. जिने उतरले, शेजारच्या मुलाबरोबर चेंडू झेलले, गाडी पार्क केली. डोळ्यांना नवं माप शिकवावं लागतं.

अजून एक गाठ होती. त्रेचाळिसाव्या वर्षी मला चाळिशी लागलीय. चष्म्यात ती फारशी जाणवत नव्हती. लेन्स लावली की जवळचं बघायला डोळ्याला जास्त जोर लावावा लागतो, आणि मनगटावरचे आकडे फिसकटतात. दुकानात सुचवलं, एका डोळ्याला लांबची आणि एकाला जवळची लेन्स लावा. पण उतरताना खोलीचा अंदाज दोन्ही डोळे मिळून देतात. तो मोडून आकडे वाचण्यात मला अर्थ वाटला नाही. तोडगा निघाला तो आल्टिमीटरमध्ये. डिजिटल सोडून काट्याचा मोठा डायल घेतला. त्यावर बारा हजार फुटांचा एक फेरा, घड्याळासारखाच, फक्त काटा उलटा येतो. सहा हजार म्हणजे काटा सरळ खाली. साडेपाच वाजले की पॅराशूट उघडायचं. आकडा वाचायचाच नाही, वेळ बघायची. शिवाय हेल्मेटच्या आत कानाशी एक छोटं यंत्र ठरलेल्या उंचीला बीप देतं. पण ते मदतनीस, मालक नाही.

एक सराव मात्र माझा मीच काढला. घरी एक डोळा मिटून डायल वाचायचा, मग दुसरा. एखादी लेन्स वर निसटलीच तर काय दिसेल, ते आधीच माहीत असलेलं बरं. जंपसूटच्या आतल्या चेनच्या खिशात चपट्या डबीत जुना चष्मा असतोच.

हेल्मेटचं थोडक्यात. चेहरा झाकणारी, पारदर्शक व्हायजरची हेल्मेटं फार देखणी दिसतात, आणि गॉगलची गरजच उरत नाही. मलाही हवंय. पण शिकताना चेहरा उघडा हवा, प्रशिक्षिकेला माझे डोळे आणि तोंड दिसलं पाहिजे. शिवाय व्हायजरच्या आत आपल्याच श्वासाची वाफ धरते. भुवयांच्या वर टेप लावून डोक्याचा घेर मोजला, हेल्मेट हलवलं की कपाळाची कातडीही सोबत हलेल इतकं घट्ट घेतलं. तिसऱ्या उडीला वेणीची गाठ मागे आली आणि हेल्मेट पुढे झुकून गॉगलवर टेकलं. आता दोन वेण्या, मानेलगत, कॉलरच्या आत.

आज प्रशिक्षणाची चौथी पातळी, शेजारी एकच प्रशिक्षिका. तिने मला सोडलं. डावीकडे एल्सिनोरचं तळं चमकत होतं, कडा धारदार. टेकड्यांच्या सुरकुत्या एकेक सुट्या दिसत होत्या. काटा सात, साडेसहा, सहा. साडेपाचला हात मागे नेला.

रात्री आईला फोन केला. तिला शीतल महाजन यांची 2018 मधली थायलंडमधली नऊवारीतली उडी पाठ आहे, दर वेळी सांगते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि चष्मा गं?"

"खिशात होता, आई."

"तडा नाही ना गेला?"

"नाही."

"मग बरं."

उद्या वारा कमी राहिला तर पाचवी. लेन्सची नवी जोडी, डोळ्यांचे थेंब आणि रबरबँड पिशवीत टाकलेत. गॉगल धुवून, मऊ कापडाने पुसून खिडकीत ठेवलाय.