तुम्ही विचारलंत म्हणून: फादर फ्लिननी ते केलं होतं का?

'डाउट' हा इंग्रजी सिनेमा पाहिलेलं कुणी भेटलं की दुसऱ्याच वाक्याला विचारतं, "बाई, तुम्हाला काय वाटतं, त्या फादरनी खरंच काही केलं होतं?" शाळेत जन्म गेला, तेव्हा हिला कळलं असेल, असा लोकांचा समज.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: साल १९६४, न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सची कॅथलिक शाळा. मुख्याध्यापिका सिस्टर अलॉयशियस (मेरिल स्ट्रीप) हिला संशय येतो, की फादर फ्लिननी (फिलिप सीमोर हॉफमन) शाळेतल्या एकुलत्या एका काळ्या मुलाशी, डोनाल्डशी, नको ते केलं. हाताशी काय, तर मुलाच्या तोंडाला आलेला वाइनचा वास आणि फादरनी त्याच्या लॉकरमध्ये ठेवलेला बनियन.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी फादरच्या बाजूची होते. ही बाई बॉलपेनवर सुद्धा खार खाणारी, आणि तो हसरा, मुलांत मिसळणारा. दुसऱ्यांदा पाहताना मात्र तिची कोंडी दिसली. तक्रार करायची ती मॉन्सिन्योरकडे, म्हणजे फादरच्या वरच्या धर्मगुरूकडे, आणि तो फादरचंच ऐकणार. वरपर्यंत सगळे पुरुषच. मग ती सरळ खोटं बोलते: तुमच्या आधीच्या पॅरिशमधल्या (म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या) सिस्टरला मी फोन केला होता. केलेला नसतो. तरी फादर जातो. जातो म्हणजे काय, बिशप त्याला दुसऱ्या चर्चचा आणि शाळेचा प्रमुख करतात. बढतीच की!

आणि डोनाल्डची आई. व्हायोला डेव्हिसला जेमतेम एक प्रसंग मिळालाय, त्यावर ऑस्करचं नामांकन आलं. बाप मुलाला मारतो, आधीच्या शाळेतही त्याचे हाल झालेत. तिचं म्हणणं एवढंच, की जूनपर्यंत त्याला इथे राहू द्या, पुढे चांगलं हायस्कूल मिळेल. फादरनी काही केलं असलं तरी. इथे मी दरवेळी टीव्हीसमोरून उठून स्वयंपाकघरात जाते.

लेखक-दिग्दर्शक जॉन पॅट्रिक शॅनली यांच्या ज्या नाटकावरून हा सिनेमा झाला, त्यात पात्रं चारच. मुलगा रंगमंचावर येतच नाही. सिनेमात येतो, आणि आपण त्याच्या चेहऱ्यात पुरावा शोधत बसतो. माझं सिनेमाशी भांडण आहे ते एवढ्यापुरतं. शॅनली फादरचं काम करणाऱ्या नटाला खरं काय ते कानात सांगत म्हणे. मला नको ते ऐकायला.

म्हणजे उत्तर? केलं की नाही, मला माहीत नाही. पण तुम्ही मलाच विचारता म्हणून सांगते. एक सहकारी एका मुलाला रोज शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचे. खाऊ द्यायचे, गणितं करून घ्यायचे. मला ते खटकायचं. मी ना त्यांना विचारलं, ना मुलाला, ना हेडबाईंना सांगितलं. चांगलेच असतील ते. त्या मुलाचा हजेरीपटावरचा नंबर सतरा होता.