बेट ठरेपर्यंत: मालदीवला जाण्याआधीचे दोन महिने

सुरुवात नवऱ्याने केली. एका रात्री जेवणं झाल्यावर त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. निळं पाणी, पाण्यावर लाकडी खोल्या, खोलीला टांगलेली जाळी. "जायचं का?" मी लगेच हो म्हटलं. मालदीव ठरायला दहा सेकंद लागले आणि मालदीवमधलं बेट ठरायला दोन महिने.

पहिल्या आठवड्यात मी तीसेक रिसॉर्टचे फोटो पाहिले असतील. त्यानंतर मला एकही दुसऱ्यापासून वेगळं ओळखता येईना. सगळीकडे तोच निळा, तोच लाकडी पूल, पूल संपतो तिथे तोच सूर्यास्त. शेवटी हा पसारा सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाच-सहा फोटो सरकवले आणि विचारलं, "यात माणूस कसा दिसत नाही गं एकही? पाच दिवस तिथे करायचं काय?"

तेव्हा मी हसले. पण सगळी निवड पुढे त्या प्रश्नाभोवतीच फिरली.

कारण तिथली रीत अशी की साधारणपणे एका बेटावर एकच रिसॉर्ट. मालदीवचं पहिलं रिसॉर्ट १९७२ साली राजधानी मालेजवळच्या एका बेटावर कुरुंबा नावाने सुरू झालं. आता शंभराच्या वर आहेत, पण रीत तीच. एरवी हॉटेल चुकलं तर माणूस बाहेर पडतो, कोपऱ्यावर काहीतरी खातो, दुसरीकडे फिरून येतो. इथे कोपराच नाही. जेवण, डॉक्टर, समुद्र, गप्पा मारायला माणसं, सगळं त्या एका बेटावर असेल तेवढंच. खोली चुकली तर चालेल, बेट चुकून चालणार नाही, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. तोवर मी खोल्याच बघत होते.

मग नकाशा उघडला. ॲटॉल म्हणजे प्रवाळाचं कडं आणि त्या कड्यावर, कड्याच्या आत विखुरलेली बेटं. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात कंकणद्वीप म्हणायचे ते हेच. शब्दसुद्धा तिथल्या दिवेही भाषेतूनच जगभर गेला, मूळ 'अतोळु'. आपल्यासारखा ळ आहे त्यांच्याकडे, हे पाहून मला उगाच बरं वाटलं. अशी २६ कडी, त्यांत बाराशेच्या आसपास बेटं आणि उत्तर-दक्षिण पसारा आठशेहून जास्त किलोमीटरचा. म्हणजे 'मालदीवला चाललोय' या वाक्यातून फारसं काही कळत नाही. त्यात प्रत्येक भागाला दोन-दोन नावं. एक जुनं भौगोलिक आणि एक कारभारासाठीचं, त्यांच्या लिपीतल्या अक्षरावरून पडलेलं. माळोसमडुलुचा दक्षिण भाग म्हणजे 'बा', उत्तर भाग 'रा'. माले ॲटॉल म्हणजे 'काफु'. मी दोन दिवस एकाच ठिकाणाची दोन नावं घेऊन तुलना करत बसले होते, ते नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

पैशांचं सांगते, कारण तिथेच सगळ्यात जास्त फसायला होतं. ज्या रिसॉर्टवर आमचं मन बसलं होतं, त्याचा कुटुंबाच्या खोलीचा दर रात्री ४२० डॉलर. शेजारी बारीक अक्षरात दोन अधिकची चिन्हं. पहिलं अधिक म्हणजे १० टक्के सेवा शुल्क. दुसरं म्हणजे त्या बेरजेवरचा पर्यटन कर, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला. ४२०चे ४६२ आणि ४६२चे ५४०. शिवाय हरित कर. तो माणशी, रात्रीमागे. रिसॉर्टवर जानेवारी २०२५ पासून १२ डॉलर, आधी ६ होता. दोन वर्षांखालचं मूल असेल तर त्याला माफ, पण आमची लेक दहा वर्षांची. नवरा, मी, सासूबाई आणि लेक, चौघांचे पाच रात्रींचे २४० डॉलर नुसते त्याचेच.

आणि मुख्य खर्च अजून आलाच नव्हता. विमान उतरतं ते मालेशेजारी, हुळुले बेटावरच्या वेलाना विमानतळावर. तिथून बेटापर्यंत कसं जाणार, त्यावर सगळं गणित फिरतं. मालेजवळच्या बेटांना स्पीडबोट. लांबच्यांना सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, किंवा देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. आमच्या रिसॉर्टचं सीप्लेन जाऊन-येऊन मोठ्यांना ५०० आणि मुलीला २५० डॉलर. तीन मोठे, एक लहान, म्हणजे १७५०. पाच रात्रींत वाटले तर दर रात्रीला साडेतीनशे. फोटोतली ४२०ची खोली नऊशेच्या घरात गेली, अजून पाण्याची बाटलीसुद्धा उघडली नव्हती. पाण्याची बाटली मी गमतीने म्हणत नाहीये. 'हाफ बोर्ड' म्हणजे सकाळ-संध्याकाळचं जेवण, पण पेयं त्यात धरलेली असतीलच असं नाही. म्हणून साधं पिण्याचं पाणी फुकट आहे ना, हे मी प्रत्येकाला लेखी विचारलं.

सीप्लेन दिवसाउजेडीच उडतं. पाण्यावर उतरायचं तर वैमानिकाला पाणी दिसायला हवं. आमचं विमान मालेला उतरत होतं संध्याकाळी पाचला. शेवटची सीप्लेनं त्याच्या आधीच सुटलेली असतात. म्हणजे पहिली रात्र विमानतळाजवळ हुळुमालेत काढायची, पाचांतली एक रात्र गेली, आणि वर तिथल्या हॉटेलचे पैसे. आमच्या एजंटाला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. मी विचारल्यावर तो म्हणाला, "हो मॅडम, तसंच करावं लागतं." आधी का नाही सांगितलं, यावर त्याने पॅकेजमध्ये एक मसाज फुकट देऊ केला. त्या दिवशी त्याचा नाद सोडला.

दरम्यान सासूबाईंनी पाण्यावरच्या खोल्या बाद केल्या. "समुद्रात उतरायला जिना, तोही उभा. माझ्या गुडघ्यांना विचारलंस का?" बरोबरच होतं. शिवाय त्या खोल्या बेटापासून लांब पुलावर असतात. जेवायला दिवसातून तीनदा तेवढं चालायचं किंवा बग्गीची वाट बघायची.

खरा वेळ गेला तो प्रवाळावर. लेकीला मासे बघायचे होते आणि तिला पोहता येतं. बेटाला लागून प्रवाळाची कड असते, तिला हाउस रीफ म्हणतात. ती किनाऱ्याला जवळ असली तर चष्मा-नळी लावून नुसतं पाण्यात उतरलं की मासे. लांब असली तर रोज बोट आणि रोज पैसे. गंमत म्हणजे फोटोत जे सगळ्यात सुंदर दिसतं, ते पसरट फिकट निळं उथळ पाणी, त्यात खाली बहुतेक वाळूच असते. माझी युक्ती अशी: उपग्रहाच्या नकाशावर बेट मोठं करायचं आणि गडद निळा रंग किनाऱ्यापासून किती लांब सुरू होतो ते बघायचं. गडद रंग म्हणजे कड तुटून खोल पाणी लागलं. दोन बेटं अशीच बाद झाली. एकाची कड तर अर्धा किलोमीटर लांब होती.

पण कड आहे म्हणून प्रवाळ जिवंत आहे असं नाही. पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं. मालदीवमध्ये १९९८ आणि २०१६ साली हे फार मोठ्या प्रमाणावर झालं, २०२४मध्ये पुन्हा. म्हणून लोकांचे अभिप्राय वाचताना मी तारीख आधी बघायचे. पाच वर्षांपूर्वीच्या 'रंगीबेरंगी प्रवाळा'चा आम्हाला काय उपयोग?

मग लेकीने शाळेतून नवीन हट्ट आणला: मांटा रे बघायचा. मोठा, पंख पसरून पोहणारा मासा. तो तिथे दिसतो कुठे, तर सगळ्यात जास्त बा ॲटॉलमध्ये, हनिफारूच्या उपसागरात. हा भाग २०११पासून युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रात (बायोस्फिअर रिझर्व्ह) आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, ज्याला ते हुळंगु म्हणतात, प्रवाह आणि भरती मिळून बारीक जीवांचा लोंढा या खोलगट भागात ढकलतात आणि मांटा तो खायला जमतात. साधारण जून ते नोव्हेंबर. बहुतेक लोक जातात ते कोरड्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, तेव्हा आकाश स्वच्छ आणि दर चढे. आम्हाला सुट्टी ऑक्टोबरअखेर. पाऊस येऊ शकतो, पण मांटाही येऊ शकतो आणि दर उतरलेले. पहिल्यांदाच काहीतरी आमच्या बाजूने पडलं.

बा ॲटॉलचा नकाशा बघताना दरवंदू नावाचं बेट दिसलं. त्यावर छोटा विमानतळ. मालेहून वीसेक मिनिटांचं उड्डाण, आणि ही विमानं अंधार पडल्यावरही जातात. हनिफारू तिथून बोटीने अगदी जवळ. आणि दरवंदू हे रिसॉर्ट नाही, गाव आहे. लोक राहतात, शाळा आहे, मशीद आहे, दुकानं आहेत, गेस्टहाउसं आहेत. वस्तीच्या बेटांवर पर्यटकांना राहू द्यायला तिथे २००९च्या आसपास सुरुवात झाली, त्याआधी परदेशी पर्यटक बहुतेक रिसॉर्टवरच जायचा. लहान गेस्टहाउसला हरित कर निम्मा, ६ डॉलर. दारू मिळत नाही, आणि पोहण्याचे आखूड कपडे ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच. आमची दोन्हीला हरकत नव्हती. नवऱ्याची थोडी होती, पण त्याला मत विचारलं नव्हतं.

ठरलं असं: दोन रात्री दरवंदू, मग तीन रात्री त्याच ॲटॉलमधलं एक रिसॉर्ट, जिथे दरवंदूहून बोटीने जाता येतं. किनाऱ्यावरची खोली, कड किनाऱ्यालगत. सीप्लेन रद्द. विमान आणि बोट मिळून वाहतूक निम्म्याहून कमी पैशांत बसली. पैसे भरण्याआधी दोन्हीकडे एकेक लांबलचक मेल लिहिली. बेटावर डॉक्टर आहे का, खोलीला पायऱ्या किती, लाटा अडवायची भिंत किंवा वाळूच्या पिशव्या खोलीसमोर येतात का, शेजारी बांधकाम चालू आहे का. गेस्टहाउसवाल्याने दोन तासांत उत्तर पाठवलं आणि खाली लिहिलं, आजींसाठी तळमजल्यावरची खोली ठेवतो. आजी आहेत हे मी फक्त पायऱ्यांच्या ओघात लिहिलं होतं.

प्रवासाचं फार सांगत नाही. निघण्याआधीच्या ९६ तासांत देशात प्रवेशासाठी इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तो फुकट आहे. पैसे मागणाऱ्या नकली साइट दिसतात, तिकडे जाऊ नका. व्हिसा उतरल्यावर मिळतो, त्यालाही पैसे नाहीत.

हनिफारूला पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. परवानाधारक वाटाड्यासोबतच जायचं, सिलिंडर लावून बुडी मारायला बंदी, फक्त वरून तरंगत बघायचं. आम्ही तरंगलो, गढूळ पाणी बघितलं, परत आलो. लेक बोटीत बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन मांटा आले. तोंड उघडं ठेवून, एकामागे एक, गोल फिरत. बाहेर आल्यावर ती इतकं बोलली की वाटाड्याने कानांवर हात ठेवले.

तोवर सासूबाई काय करत होत्या? दरवंदूत घरांसमोर लोखंडी चौकटीला दोरी विणलेल्या खुर्च्या असतात, ओळीने. 'जोआली' म्हणतात. संध्याकाळी बायका तिथे येऊन बसतात. पहिल्या दिवशी सासूबाई कडेला बसल्या, दुसऱ्या दिवशी मधे. भाषा एकमेकींची कळत नव्हती, तरी कोणाला किती नातवंडं हे त्यांनी मला रात्री सांगितलं. सकाळच्या न्याहारीला मास हुनी असायची, टूना, खवलेला नारळ, कांदा आणि मिरची, सोबत रोशी म्हणजे तिथली चपाती. "यात नवीन काय आहे?" असं म्हणत त्यांनी दोनदा घेतली.

रिसॉर्ट सुंदर होतं. फोटोत होतं तसंच, एकही माणूस न दिसणारं. तिथलं घड्याळ मालेच्या एक तास पुढे लावलेलं होतं, पाहुण्यांना संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून, त्यामुळे सासूबाईंची औषधं दोन दिवस चुकीच्या वेळी गेली. शेवटच्या संध्याकाळी आम्ही वाळूत बसलो होतो. नवरा म्हणाला, "पुढच्या वेळी पाचही रात्री इथेच राहू."

सासूबाईंनी समुद्राकडे बघतच विचारलं, "तिकडे कर सहा डॉलर आणि इकडे बारा, ना गं?"

"हो."

"मग पाचही तिकडेच."